गंधाचा व्यवहार आणि विषाचे माप

एखादे कीटकनाशक मधमाशीला किती घातक आहे हे ठरवण्याची जगभर रूढ झालेली रीत साधी आहे. प्रौढ कामकरी माश्या लहान पिंजऱ्यांत ठेवायच्या, औषधाची मोजकी मात्रा साखरपाण्यातून पाजायची किंवा पाठीवर थेंब सोडायचा, आणि २४ व ४८ तासांनी मेलेल्या माश्या मोजायच्या. ज्या मात्रेला निम्म्या माश्या मरतात, ती मात्रा म्हणजे त्या औषधाच्या विषारीपणाचे माप. ‘ओईसीडी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९८ मध्ये या चाचण्यांचा नमुना घालून दिला. भारतात १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी करतानाही मधमाशीबाबतचा मुख्य भर अशाच तीव्र विषबाधेवर असतो. या मापात मोजणी चोख होते, यात शंका नाही. प्रश्न आहे तो मोजायची वस्तू चुकल्याचा. मधमाशी हा एकेकटा जगणारा प्राणी नाही. तिची वसाहत वासांच्या देवाणघेवाणीवर उभी असते, आणि ती देवाणघेवाण मोडली तर एकही माशी ४८ तासांत मेली नाही तरी वसाहत संपू शकते. सामाजिक कीटकांच्या रासायनिक संवादावर गेल्या सत्तर वर्षांत जे संशोधन झाले, त्याचा शेतीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष मला हाच वाटतो. आपले कायदे, शिफारशी आणि फवारणीच्या सवयी अजून त्याच्या जवळपासही आलेल्या नाहीत.

हा प्रश्न प्रकाशाच्या शिवारात नेऊन पाहावा. प्रकाशा हे नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील गाव तापी आणि गोमाईच्या संगमावर आहे. भाविक त्याला दक्षिण काशी म्हणतात, आणि १९५४-५५ साली बी. के. थापर यांनी येथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर सापडले. म्हणजे या काळ्या जमिनीत माणूस तीन हजारांहून अधिक वर्षे पीक घेतो आहे. आज या पट्ट्यात कापूस, ऊस, केळी, पपई, मिरची ही पिके दिसतात, आणि उत्तरेला सातपुड्याची रांग सुरू होते. डोंगर आणि बागायत एवढी जवळ असलेल्या प्रदेशात मधमाशीचा प्रश्न एकट्या शेताचा किंवा एकट्या जंगलाचा राहत नाही. आग्या माशी वर्षभर एका जागी थांबत नाही. फुलोरा हलला की सबंध वसाहत पोळे सोडून उठते आणि अनेक मैलांवर दुसरीकडे बसते. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहते, फुलोरी झुडपाच्या फांदीला तळहाताएवढे पोळे बांधते, आणि डंख नसलेली चिमुकली पोयाची माशी भिंतीच्या भेगेत घर करते. यांतल्या सातेरीला पेटीत पाळता येते, आणि पोयाच्या माशीलाही काही ठिकाणी पाळतात. आग्या आणि फुलोरी पेटीत नांदत नाहीत. त्या मेल्या काय, निघून गेल्या काय, नोंद ठेवणारा कोणी नसतो.

या वसाहती बोलतात कशा, हे कळायला रसायनशास्त्राची मदत लागली. १९५४ मध्ये इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे कॉलिन बटलर यांनी दाखवले की राणी माशीच्या अंगावर एक द्रव्य असते. ते कामकरी माश्या चाटून घेतात आणि एकमेकींना देत राहतात. ते मिळेनासे झाले की काही तासांत पोळ्यात अस्वस्थता पसरते आणि नवी राणी वाढवण्याची तयारी सुरू होते. १९५९ मध्ये पीटर कार्लसन आणि वाळवीचे अभ्यासक मार्टिन ल्यूशर यांनी अशा द्रव्यांना ‘फेरोमोन’ हे नाव दिले. त्याच वर्षी आडोल्फ बुटेनांट यांनी सुमारे पाच लाख रेशीमपतंगांपासून पहिला फेरोमोन वेगळा काढला. पुढच्या काही वर्षांत मधमाशीचा शब्दकोश भराभर उलगडला. डंख मारताना सुटणारा धोक्याचा वास म्हणजे आयसोपेंटाइल असिटेट, हे कॅनडातील संशोधकांनी १९६२ मध्ये दाखवले. पिकलेल्या केळ्याच्या घमघमाटातला मुख्य घटक तोच. वाट चुकलेल्या बहिणींना घरट्याकडे बोलावताना माशी पोटाचे टोक उचलून जो वास सोडते, त्यात सर्वांत जास्त असते ते जिरॅनिऑल. खानदेशाला तेही अनोळखी नाही. पश्चिम खानदेशच्या टेकड्यांवरील रोशा गवताचे तेल काढण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकात चांगला चाले, आणि त्या तेलाचा सुवास मुख्यतः जिरॅनिऑलचाच असतो. आग्या माशीच्या धोक्याच्या वासात आणखी एक जड द्रव्य सापडते. ते सावकाश उडते, म्हणून एकदा चिडलेले आग्या मोहोळ बराच वेळ शांत होत नाही. उघड्यावर एकाच पोळ्यात राहणाऱ्या माशीला तेच परवडते.

मोहोळ काढणारे या संवादात पिढ्यान्‌पिढ्या हात घालत आले आहेत. ओल्या-सुक्या पाल्याचा धूर केला की माश्या मवाळ होतात, हा अनुभव जुना आहे. त्यामागचे एक कारण १९९५ मध्ये स्पष्ट झाले. धुरामुळे माशीच्या शृंगिकांना धोक्याचा वास नीट जाणवत नाही, आणि धूर ओसरल्यावर काही मिनिटांत ती संवेदना परत येते. मोहोळ काढणाऱ्याचा हा हस्तक्षेप तात्पुरता असतो. आजच्या कीटकनाशकांतील बऱ्याच द्रव्यांचा हस्तक्षेप इतका लवकर ओसरत नाही, आणि माझा युक्तिवाद इथूनच सुरू होतो.

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. वसाहतीतला संवाद म्हणजे राणीचे हुकूम आणि प्रजेचे पालन, असे चित्र अजून डोक्यात घट्ट आहे. राणी शाबूत तर वसाहत शाबूत, असे मग आपण धरून चालतो. या समजुतीला सर्वांत चांगले उत्तर मधमाशीपेक्षा साध्या अशा एका कागदी गांधीलमाशीने दिले, आणि त्या अभ्यासाचे एक मूळ महाराष्ट्रात आहे. १९७४ मध्ये माधव गाडगीळ आणि अनिल महाबळ यांनी ‘करंट सायन्स’मध्ये रोपालिडिया मार्जिनेटा या गांधीलमाशीतील जातिभेदावर टिपण लिहिले. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्याच माशीवर अनेक दशके काम केले. या जातीची राणी कमालीची शांत असते. मारामारी करून ती कुणाला दाबत नाही. तरीही अंडी फक्त तीच घालते. तिला उचलून दूर केले तर एक कामकरी माशी अर्ध्या तासाच्या आतबाहेर विलक्षण आक्रमक होते, आणि पुढे तीच राणी बनते. मग सगळ्यांना कळते कसे? अभ्यासकांनी घरटे जाळीने दोन भागांत विभागले. हवा दोन्हीकडे सारखी खेळत होती, तरी राणी नसलेल्या बाजूच्या माश्या राणी गेल्यासारख्याच वागल्या. राणीचा वास हवेतून पोचत नव्हता. तो स्पर्शाने, घरट्याच्या पृष्ठभागावरून मिळत असावा असा त्याचा अर्थ झाला. नंतरच्या प्रयोगांत राणीच्या ड्यूफूर ग्रंथीतल्या द्रव्यांकडे बोट दाखवता आले.

मधमाशीच्या पोळ्यातही राणीचे द्रव्य असेच अंगोअंगी फिरते. राणीभोवतीच्या माश्या ते चाटून घेतात, मग पोळ्यात हिंडतात आणि भेटेल तिला शृंगिकांनी, जिभेने देत जातात. हजारो माश्यांच्या वसाहतीत बहुतेक माश्या राणीला कधी स्पर्शही करत नसतील. त्यांना राणी असल्याचे कळते ते या निरोप्यांकडून. राणी शाबूत असणे आणि राणी शाबूत आहे हे कळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि वसाहत चालते दुसरीवर. प्रत्येक कामकरी माशी मध आणणारी मजूर असते तशीच निरोपाची एक कडीही असते. ४८ तासांच्या चाचणीत मजूर मोजली जाते, कडी नाही.

सर्वांत बोलका पुरावा वयाच्या हिशेबाचा आहे. कामकरी माशी आयुष्याचे पहिले दोन-तीन आठवडे पोळ्यात अळ्यांची निगा राखते आणि त्यानंतर बाहेर पडते. हे वय ठरलेले नसते. ते वासाने ठरते. बाहेर जाणाऱ्या प्रौढ माश्यांच्या अंगात इथाइल ओलिएट नावाचे द्रव्य असते. ते अन्नाच्या देवाणघेवाणीतून तरुण माश्यांना मिळत राहते तोवर तरुण माश्यांचे बाहेर पडणे लांबते. २००४ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतील संशोधकांनी हे दाखवले. आता शिवारात फवारणी झाली आणि बाहेर गेलेल्या माश्यांपैकी बऱ्याच परतल्या नाहीत असे समजू. पोळ्यात त्यांचा वास कमी होतो. तरुण माश्यांना कळते की बाहेर हात कमी पडताहेत, आणि त्या वेळेआधीच उडू लागतात. कोवळ्या वयात बाहेर पडलेली माशी कमी फेऱ्या करते आणि लवकर मरते. त्यामुळे वास आणखी कमी होतो आणि आणखी कोवळ्या माश्या बाहेर ओढल्या जातात. मागे अळ्यांना भरवायला कोणी उरत नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्लिंट पेरी आणि सहकाऱ्यांनी माश्यांच्या पाठीवर बारीक खूणचिठ्ठ्या लावून हा क्रम तपासला आणि त्याचे गणित मांडले: ताण एका मर्यादेपलीकडे गेला की वसाहत हळूहळू न खंगता एकदम कोसळते. विषाने ज्यांना स्पर्शही केला नाही अशा माश्याही या कोसळण्यात जातात. मेलेल्यांची संख्या मोजून हे पकडता येणार नाही, कारण बहुतेक मृत्यू विषाने झालेलेच नसतात.

शिवाय माशी न मरताही निरोपाची कडी तुटते. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी निओनिकोटिनॉइड गटातील औषधे मज्जातंतूंमधील ज्या ग्राहकांना चिकटतात, त्यांच्यावरच माशीचे वास ओळखणे आणि लक्षात ठेवणे अवलंबून असते. २०१२ मध्ये फ्रान्समधील मिकाएल आंरी यांच्या गटाने ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मरणार नाहीत इतक्या मात्रेत थायामेथोक्झाम पाजलेल्या माश्या शेतात सोडल्या. त्या मात्रेमुळे परतीची वाट न सापडलेल्यांचे प्रमाण परिस्थितीनुसार १० ते ३२ टक्क्यांच्या दरम्यान होते. २०१८ मध्ये जेम्स क्रॉल यांनी बंबलबी या केसाळ माशीच्या घरट्यावर कॅमेरे लावले. इमिडाक्लोप्रिड मिळालेल्या माश्या अळ्यांकडे कमी जात होत्या, घरट्याच्या कडेला अधिक बसत होत्या, आणि घरट्याची ऊब राखण्यात कमी पडत होत्या. यांतली एकही माशी ४८ तासांच्या तक्त्यात ‘मेलेली’ म्हणून धरली गेली नसती.

आपल्याकडे संकरित कपाशीचे बियाणे बहुतेकदा इमिडाक्लोप्रिड चोळूनच पिशवीत येते, आणि पुढे मावा, तुडतुडे, पांढरी माशी दिसली की याच गटातली औषधे फवारली जातात. ‘पीक फुलावर असताना फवारू नका, संध्याकाळी फवारा’ ही शिफारस चांगल्या हेतूने केलेली आहे आणि ती पाळलीच पाहिजे. पण ती अपुरी आहे. कपाशीत फुलाबाहेरही, पानाच्या शिरेवर आणि बोंडाखालच्या पाकळीसारख्या पानांवर मधुग्रंथी असतात. पीक फुलावर नसतानाही तेथे माश्या येतात. अंतर्प्रवाही औषध झाडाच्या रसातून फिरते, त्याला सकाळ-संध्याकाळ नसते. आणि आग्या माशी चांदण्या रात्रीही चरायला जाते, हे तिच्या अभ्यासकांनी नोंदलेले आहे.

या युक्तिवादाविरुद्ध तीन आक्षेप गंभीरपणे घेण्याजोगे आहेत. पहिला शास्त्रीय आहे: प्रयोगशाळेतील परिणाम शेतात तसेच दिसतात का? हा आक्षेप खरा आहे. २०१५ मध्ये स्वीडनमध्ये माय रुंडलोफ यांच्या गटाने औषध चोळलेल्या बियाण्याच्या मोहरीवर्गीय पिकात मोठा प्रयोग केला. रानमाश्या घटल्या, बंबलबीच्या वसाहती खुरटल्या, पण मधमाशीच्या पेट्यांत लक्षात येण्याजोगा फरक दिसला नाही. २०१७ मध्ये तीन देशांत झालेल्या अभ्यासात हंगेरी व ब्रिटनमध्ये मधमाशीवर वाईट परिणाम दिसले, जर्मनीत मात्र तसे दिसले नाहीत. या निष्कर्षांनी माझा मुद्दा कमजोर होत नाही, नेमका होतो. पेटीतल्या युरोपीय माशीची वसाहत प्रचंड असते, पाळणारा तिला साखर देतो, दुबळी पेटी सबळ पेटीला जोडतो. तिच्यात तोटा भरून काढण्याची ताकद आहे. जिला पाळणारा नाही किंवा जिची वसाहत लहान आहे, तिला फटका बसला. तापीकाठी पिकांवर येणाऱ्या बहुतांश माश्या या दुसऱ्या वर्गातल्या आहेत. युरोपच्या पेटीवर काढलेला दिलासा सातपुड्याच्या आग्या मोहोळाला लागू करता येत नाही. युरोपीय संघाने मात्र या गटातील तीन औषधांच्या उघड्या शेतातील वापरावर २०१८ मध्ये बंदी घातली, हे लक्षात ठेवावे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. केळीला फळ धरायला परागण लागत नाही, उसाला लागत नाही, कपाशी बरीचशी स्वतःच्याच परागावर भागवते. मग प्रकाशाच्या शेतकऱ्याने माशीची चिंता का करावी? मोठ्या पिकांचा हिशेब असाच आहे, हे मान्य करायला हवे. पण शेतकरी घर फक्त मोठ्या पिकांवर चालत नाही. टरबूज, काकडी, गिलके, दोडके यांची नर आणि मादी फुले वेगळी असतात. माशी आली नाही तर फळ धरत नाही किंवा वेडेवाकडे धरते. कांद्याचे बी डोंगळ्यांवर माश्या बसल्या तरच भरते. डोंगरपट्ट्यातील खुरासणीचे फूल स्वतःच्या परागाने फळतच नाही. चारोळीसारख्या झाडांचे फळ जंगलातून विकून जगणाऱ्या कुटुंबांचा हिशेब तर कुठल्याच पीक-तक्त्यात येत नाही. ज्याला कपाशीच्या फवारणीतून फायदा होतो आणि ज्याची चारोळी फळत नाही, ते दोघे वेगळे असतात. हा प्रश्न म्हणूनच न्यायाचाही आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: बोंडअळीने बोंडे पोखरली तर माश्यांचे काय करायचे? गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये झाले ते भडोचच्या कपाशीवरील नमुन्यांवरून. म्हणजे ती या टापूला नवी नाही. २००२ मध्ये बीटी कापूस आला, अळी काही वर्षे मागे हटली, पुढे गुजरातेत तिने प्रतिकारशक्ती कमावली, आणि २०१७च्या हंगामात महाराष्ट्रात तिने मोठे नुकसान केले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशी वाचवायलाच हवी, याबद्दल माझा वाद नाही. माझे म्हणणे असे की या अळीच्या बाबतीत विज्ञान आधीच पुढे गेले आहे. मादी पतंग नराला बोलावण्यासाठी जो वास सोडते, त्याची रचना १९७३ मध्ये कळली. गॉसिप्ल्यूर हे त्याचे नाव. शेतकऱ्यांना तो कामगंध सापळ्यातल्या गोळीतून परिचित आहे. हेक्टरी पाच सापळे लावावेत आणि सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले तर उपाय करावा, ही शिफारस सर्वत्र दिली जाते. तोच वास सबंध शिवारात भरून टाकला तर नराला मादी सापडत नाही आणि अंडी पडत नाहीत. अमेरिकेने २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी संपल्याचे जाहीर केले, त्यात बीटी वाण आणि वंध्य पतंगांबरोबर या तंत्राचाही वाटा होता. शत्रू किडीच्या संदर्भात आपण मान्य केले आहे की संवाद मोडणे म्हणजे प्रजा मोडणे. मित्र किडीच्या संदर्भात तेच सत्य नाकारून आपण प्रेते मोजत बसतो. ही विसंगती मला सहन होत नाही.

या तंत्राच्या मर्यादाही आहेत. एकाच शेतात वास भरून भागत नाही, कारण शेजारच्या शेतात मिलन झालेली मादी उडून येते आणि अंडी घालते. फरदड, म्हणजे हंगामानंतरही उभी कपाशी, ठेवली तर सगळेच व्यर्थ जाते. सलग मोठे क्षेत्र हवे, सर्वांनी एकाच वेळी करायला हवे, आणि खर्च आधी करावा लागतो. एकट्या शेतकऱ्याला हे झेपणारे नाही. पण तापीवर प्रकाशा आणि सारंगखेड्याला बॅरेज आहेत, नदीकाठी सहकारी उपसा सिंचनाचा अनुभव आहे, आणि साखर कारखान्याच्या निमित्ताने गट-गावांनी एकत्र पीक-नियोजन केलेले आहे. सामुदायिक निर्णयाची सवय नसलेला हा प्रदेश नव्हे. कामगंधाचे तंत्र ज्या प्रमाणात फवारे कमी करील, त्या प्रमाणात माश्यांचा संवादही वाचेल. गॉसिप्ल्यूरचा वास मधमाशीच्या भाषेत काहीच म्हणत नाही.

संवाद वाचवायचा, तर विषाच्या मापाचे काय करायचे हेही त्यातून ठरते. नोंदणीच्या चाचणीत मृत्यूबरोबर निदान तीन गोष्टी मोजल्या जाव्यात: बाहेर सोडलेल्या माश्यांपैकी किती परतल्या, त्या वास शिकू आणि ओळखू शकतात का, आणि पोळ्यातील माश्या कोणत्या वयात बाहेर पडू लागतात. या चाचण्या युरोपीय माशीवर न थांबता सातेरीवर व्हाव्यात. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आणि नंदुरबार जिल्हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. हे काम करायला नवी संस्था काढावी लागत नाही. आग्या माशीला पेटीत घालता येत नसल्याने तिच्यासाठी वेगळी पद्धत लागेल: ठरावीक वड, पिंपळ, पाण्याच्या टाक्या आणि पूल निवडून तेथील पोळ्यांची संख्या, बसण्याची आणि उठण्याची तारीख दर पंधरवड्याला लिहायची, आणि त्याच शिवारात कोणते औषध कधी फवारले याची नोंद शेजारी ठेवायची. ग्रामपंचायत, शाळा किंवा शेतकरी गट हे करू शकतो. त्याला सूक्ष्मदर्शकही लागत नाही. मात्र नोंद पेरणीच्या आधी सुरू झाली पाहिजे. चोळलेले बियाणे जमिनीत पडण्यापूर्वी किती पोळी होती हे कागदावर नसेल, तर हंगाम संपल्यावर किती गेली याचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेला देता येणार नाही.